डोहाळजेवणाआधी काळी पडलेली चांदी: सांगलीतल्या एका घराचं प्रकरण

हे प्रकरण आमच्या शेजारच्या घरातलं. नावं लिहीत नाही, काकूंना विचारूनच लिहितेय. घरी चांदी साफ करायची म्हटलं की सगळे थेट कृतीवर येतात, एवढा सोडा एवढं मीठ आणि झालं. पण या घरात खरा वेळ गेला तो कुठली वस्तू कशाने साफ करायची आणि कुठलीला हातच लावायचा नाही हे ठरवण्यात, आणि तेच नीट मांडावं असं वाटलं.

पार्श्वभूमी

काकूंची मुलगी सातव्या महिन्यात माहेरी येणार होती, डोहाळजेवण घरीच करायचं ठरलं होतं. काकूंच्या सासूबाईंच्या वेळचं चांदीचं ताट, चार वाट्या, फुलपात्र, अत्तरदाणी, गुलाबदाणी, निरांजनं, एक लक्ष्मीची मूर्ती आणि हुपरीहून केलेले पैंजण असं सगळं लोखंडी कपाटात होतं. देवघरातले टाक वेगळे, ते रोजच्या पूजेतले. मुलीला याच ताटात जेवायला वाढायचं ही काकूंची फार दिवसांची इच्छा.

कपाट उघडलं तर ताट ओळखू येईना. मधोमध तपकिरी, काठाला जांभळट निळं आणि खालच्या बाजूला पूर्ण काळं. वाट्या वर्तमानपत्रात गुंडाळून रबरबँड लावून ठेवलेल्या होत्या, आणि जिथे रबर होतं तिथे बरोब्बर एक काळा पट्टा वाटीभोवती उमटलेला. रबरात गंधक असतं, कागदात आणि शाईतही गंधकाची संयुगं असू शकतात, म्हणजे सासूबाईंनी एवढ्या काळजीने बांधून ठेवलेलं तेच चांदीला बाधलं. शिवाय कपाट स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून, तिथे फोडणीचा हिंग, लसूण, कांदा आणि पावसाळ्यातली ओल, या सगळ्याचा हातभार लागतोच.

अडचण नेमकी काय होती

वेळ कमी होता ही एक. दुसरी म्हणजे मोठ्या सूनबाईंनी मदत म्हणून एक वाटी आधीच टूथपेस्टने घासून ठेवली होती. लांबून चकचकीत दिसत होती, पण ट्यूबलाइटखाली तिरकी धरली की गोल गोल बारीक ओरखडे, अगदी कोळ्याच्या जाळ्यासारखे. काकू बोलल्या काही नाहीत, नुसती वाटी फिरवून फिरवून बघत राहिल्या.

तिसरी अडचण टाकांची. खंडोबाचा टाक बघितला तर घोडा कळतो, पण खंडोबाचे आणि मागे बसलेल्या म्हाळसेचे नाकडोळे पार पुसून गेलेत. पिढ्यान् पिढ्या सणाला राख आणि चिंच लावून घासल्याचा हा परिणाम. एका वेळच्या घासण्याने काही कळत नाही, पण पातळ पत्र्यावरचा उठाव तो किती, वर्षानुवर्षं घासल्यावर सपाट होणारच.

इथेच एक गोष्ट समजून घ्यायला लागते. हा काळेपणा म्हणजे वरून बसलेली धूळ किंवा मळ नव्हे, हवेतल्या गंधकाच्या वायूशी संयोग होऊन चांदीचंच झालेलं सिल्व्हर सल्फाइड आहे ते. आणि त्या थराच्या वजनात सुमारे ८७ टक्के चांदीच असते. म्हणजे काळं घासून काढलं की आपण आपलीच चांदी मोरीत सोडतो. एका वेळी अगदी थोडी, मान्य आहे, पण टाकावरचा चेहरा असाच थोडा थोडा करून गेला ना.

कुठले पर्याय समोर होते

पहिला पर्याय सराफाकडे उजळायला देणे. काकूंच्या यजमानांचं मत हेच होतं, एकदाच देऊ आणि मोकळं होऊ. सराफाकडे वस्तू अगदी नव्यासारखी होऊन येते यात शंका नाही. पण तिथे केमिकलमध्ये बुडवून मग बफिंग करतात, म्हणजे फिरत्या चाकावर घासून चमक आणतात, त्यात वजनात तूट येते, आणि जुन्या नक्षीच्या खाचांमधली काळी छटा पण जाते. शिवाय चांदी किलोला लाखाच्या वर गेलेली, एवढं सगळं एकदम घराबाहेर द्यायला काकू तयार नव्हत्या. सणाच्या तोंडावर पेढीवर गर्दी होती आणि तारखेचा भरवसा कोणी देईना हा मुद्दा वेगळाच.

दुसरा, लिंबू-मीठ किंवा तांब्या-पितळेची पावडर. हे धाकट्या जाऊबाईंनी सुचवलं कारण त्यांची तांब्याची घागर त्याने लख्ख निघते. तांब्याचं गणित वेगळं आहे, तिथला डाग बहुतेक ऑक्साइडचा, आंबटाने विरघळतो. चांदीवरचं सल्फाइड लिंबाला दाद देत नाही, आणि वर मीठ आणि आंबट एकत्र लागलं तर चांदीवर बारीक खड्डे पडायची भीती. हा पर्याय लगेच बाद केला.

तिसरा, टूथपेस्ट, दंतमंजन, राख. वाटी समोरच होती त्यामुळे फार चर्चा झाली नाही. चांदी मऊ धातू, कठीणपणाच्या मोहस् मापनात अडीच ते तीन. राखेत वाळूचे कण असले तर ते सातच्या जवळ जातात, आणि टूथपेस्टमधली भुकटी दाताच्या कठीण कवचासाठी केलेली असते, चांदीसाठी नाही. खडूची पूड मात्र चालते कारण खडू चुनखडीचा असो नाहीतर जिप्समचा, दोन-तीनच्या आसपासच राहतो.

चौथा, बाजारातलं डिप, म्हणजे वस्तू बुडवून काढायचं तयार द्रावण. पटकन होतं पण ते आम्लाचं असतं, वास उग्र, आणि घरात गरोदर मुलगी येणार असताना नको असं मीच म्हटलं.

पाचवा, अॅल्युमिनियम फॉइल, खायचा सोडा आणि गरम पाणी. यात घासणं जवळजवळ नाहीच. सोड्याच्या गरम पाण्यात अॅल्युमिनियम आणि चांदी एकमेकांना टेकलेली असली की छोटी बॅटरी तयार होते, अॅल्युमिनियम झिजतं, आणि सल्फाइडमधली चांदी परत चांदी होऊन बरीचशी जागेवरच राहते. गंधक हायड्रोजन सल्फाइड होऊन निघून जातं, त्याचाच तो सडक्या अंड्यासारखा वास. अॅल्युमिनियमवर स्वतःचा एक चिवट थर असतो, तो सोड्याने सुटतो, म्हणून नुसत्या गरम पाण्यात काही घडत नाही.

माझा कल याच बाजूला होता आणि काकूंनाही पटलं. सूनबाई म्हणाल्या, "मग काय, सगळंच टाकूया ना मोठ्या टबात." तिथे मात्र थांबलो.

आधी वाटणी

जेवणाच्या टेबलावर जुनी सुती साडी पसरली आणि एकेक वस्तू बघितली. सगळ्यात जास्त वेळ यात गेला आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगाचं कामही हेच.

ताट, वाट्या, फुलपात्र: भरीव, एकाच पत्र्याची, जोड नाही, खडा नाही. हे बिनधास्त सोड्याच्या पाण्यात.

निरांजनं: यांचा काळेपणा दोन प्रकारचा. वातीच्या बाजूला काजळी आणि जुनं तूप, बाकी अंगावर सल्फाइड. काजळीला फॉइल-सोडा काही करत नाही, उलट तुपाच्या थराखाली पाणी पोचतच नाही. म्हणून आधी रिठ्याच्या कोमट पाण्यात भिजवून मऊ फडक्याने काजळी काढायची, मग बाकीचं.

लक्ष्मीची मूर्ती: हातात घेतली की भरीव वाटते, पण उलटी केल्यावर तळाला लालसर काळं बूच दिसलं. म्हणजे पोकळ मूर्ती आणि आत लाख भरलेली. लाख उष्णतेने मऊ होते, आपलं पाणी तर चांगलं गरम असणार, आत पाणी शिरलं किंवा लाख सुटली तर मूर्तीला पोचा पडायला वेळ नाही लागत. मूर्ती बाजूला ठेवली. पोकळ तोडे, कडी, जुने दागिने यांच्यात पण लाख असते, तेव्हा ज्यांच्या घरी असं काही असेल त्यांनी बुडवण्याआधी तळ आणि जोड बघून घ्या.

टाक: पुढे चांदीचा पत्रा, मागे तांब्याचा, कडा दुमडून बसवलेल्या. मध्ये पाणी अडकलं तर निघणार नाही आणि आतून हिरवं धरेल. तेही बाजूला.

पैंजण: घुंगरू आहेत, मीना नाही, लाख नाही. पाण्यात चालतील, पण वाळवताना लक्ष ठेवायचं असं ठरलं.

अत्तरदाणी आणि गुलाबदाणी: इथे घरात दोन मतं पडली. वेलबुट्टीच्या खाचांमध्ये जो काळेपणा होता त्यानेच नक्षी उठून दिसत होती. काकूंना सगळं पांढरंशुभ्र हवं होतं, मुलीने फोनवर सांगितलं की आई ते काळं तसंच राहू दे, त्यानेच जुनं वाटतं. फॉइलच्या पाण्यात ही निवड करता येत नाही, खाचेतलं आणि वरचं दोन्ही जातं. मुद्दाम ऑक्सिडाइज्ड केलेले दागिने या पाण्यात टाकले की पार ओकेबोके होतात ते यामुळेच. शेवटी मुलीचं ऐकलं, फक्त उंचवट्यावर खडूचा हात फिरवायचा.

आणि एक ट्रे. हळदीकुंकवाला कोणीतरी दिलेला, घरात सगळे चांदीचाच समजत होते. कुठेही शिक्का नाही, कोपरा पिवळट झिजलेला. लोहचुंबक लावून बघू म्हणाले काका, पण चुंबकाने फक्त लोखंड आहे की नाही तेवढं कळतं, जर्मन सिल्व्हर पण चुंबकाला चिकटत नाही कारण ते तांबं, निकेल आणि जस्ताचं मिश्रण, चांदी त्यात नावालाही नसते. हॉलमार्कवर ९९० किंवा ९२५ असा शुद्धतेचा आकडा असतो तो शोधायचा, पण सासूबाईंच्या काळातल्या वस्तूंवर तो सापडायचा नाहीच, त्यामुळे शिक्का नाही म्हणजे चांदी नाही असंही नव्हे. ट्रे आम्ही शेवटी प्रयोगाला ठेवला.

प्रत्यक्ष काय केलं

मुलगी यायच्या आदल्या आठवड्यात केलं, तेही मागच्या पडवीत. वायू फार थोडा निघतो पण गरोदर बाईने त्या वासात उभं राहायचं काहीच कारण नाही. बंद स्वयंपाकघरात कोणीच करू नये खरं तर.

प्लॅस्टिकच्या घमेल्यात तळाला आणि कडेने फॉइल अंथरली, पोळ्या गुंडाळतो तीच. लिटरभर पाण्याला दोन मोठे चमचे खायचा सोडा आणि एक छोटा चमचा मीठ. (खायचा सोडाच घ्यायचा, बेकिंग पावडर किंवा फ्रूट सॉल्ट नाही, त्यात आम्ल मिसळलेलं असतं.) मीठ आंबटाबरोबर नको म्हटलं आणि इथे घेतलं, याचं सूनबाईंना नवल वाटलं. इथलं पाणी आम्लाचं नाही, मीठ थोडंच, काम काही मिनिटांचं आणि नंतर लगेच धुऊन टाकायचं, त्यामुळे चालतं. पाण्यातून वीज नीट वाहावी एवढ्याचसाठी ते असतं.

सगळ्या वस्तू आधी साबणाच्या पाण्याने धुतल्या, तेलकट हात पण चालत नाही. पहिली रबराच्या पट्ट्याची वाटी. उकळतं पाणी ओतलं, फेस आला, आणि वास लगेच आला. मग रंग बदलायला लागला तो बघण्यासारखा होता, काळ्याचा तपकिरी, तपकिरीचा पिवळा, आणि पिवळा कडेकडेने विरत पांढरा. वाटीखालची फॉइल काळपट पडली. काकू म्हणाल्या, "अगं, हात न लावता निघालं की हे!"

पुढची फेरी बिघडली. घाईने सूनबाईंनी उरलेल्या वाट्या एकात एक ठेवल्या. बाहेर काढल्यावर वरच्या वाट्यांच्या बुडाला काळी चंद्रकोर तशीच. कारण साधं आहे, वाटी फॉइलला टेकली पाहिजे, किंवा फॉइलला टेकलेल्या दुसऱ्या चांदीला तरी नीट टेकली पाहिजे, आणि पाणी सगळीकडे पोचलं पाहिजे. परत एकेक वेगळी ठेवली, चिमट्याने पालथी केली, निघालं. ताटाला पाणी निवल्यावर परत नवीन गरम पाणी आणि नवीन सोडा लागला, खालची बाजू तीन वेळा केली तेव्हा कुठे काळं गेलं.

पाण्यातून काढल्यावर ताट पांढरं होतं पण निस्तेज, चुना फासल्यासारखं मॅट. काकूंचा चेहरा पडला. हे होतंच, परत आलेली चांदी सच्छिद्र असते. खडूची पूड जुन्या मलमलीतून गाळून घेतली, थोड्या पाण्यात सैल पेस्ट करून कापसाने हलका हात फिरवला, गोल गोल न करता एकाच दिशेने, मग धुऊन लगेच कोरडं केलं. झळाळी आली.

मूर्ती आणि टाक यांना पाण्यात घातलंच नाही. ओलसर कापूस, खडूची तीच पेस्ट, सपाट भागावर. टाकांवर हळदीकुंकू आणि पंचामृताचं किटण होतं, ते रिठ्याच्या पाण्याने ओला केलेला कापूस थोडा वेळ नुसता ठेवून मऊ केलं. चेहऱ्यांवर पेस्ट लावली नाही. तिथे जे काय थोडं उरलंय ते राहू दे असं काकूच म्हणाल्या.

ट्रेवर काहीच झालं नाही. फेस आला, पाणी निवलं, ट्रे तसाच. त्यावरून शंभर टक्के निदान होत नाही, पण काकूंनी तो खाऊच्या बशांसाठी काढला आणि वाद मिटला.

कुठे अडलं

पैंजण. धुऊन, पुसून, उन्हात वाळवून ठेवले, दिसायला सुंदर. दुसऱ्या दिवशी काळ्या मखमलीवर ठेवले तर खाली पांढरी भुकटी सांडलेली. घुंगरांच्या चिरेतून सोड्याचं पाणी आत गेलं होतं आणि ते वाळून बाहेर यायला लागलं. परत साध्या कोमट पाण्यात बराच वेळ हलवून, पाणी बदलून बदलून धुतले, मग हेअर ड्रायरच्या गार हवेवर वाळवले. आता पोकळ घुंगरू असले की आम्ही बुडवायचं टाळू, फडक्यानेच करू.

टूथपेस्टवाली वाटी तशीच राहिली. सोड्याच्या पाण्याने डाग जातो, ओरखडे जात नाहीत. ते घालवायचे तर सराफाकडे बफिंगच करावं लागेल, म्हणजे आणखी चांदी जाणार. काकूंनी ती तशीच ठेवायची ठरवली.

निकाल

डोहाळजेवणाला ताट लख्ख होतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ताटाचं वजन आधी आणि नंतर सारखंच भरलं, काटा ग्रॅमचा आहे त्यामुळे बारीक फरक त्यात कळायचा नाही, पण काकांचं तेवढ्याने समाधान झालं. अत्तरदाणीची वेलबुट्टी उठून दिसत होती आणि आलेल्या बायकांनी सगळ्यात जास्त तीच हातात घेऊन बघितली.

वाढताना एक गोष्ट आवर्जून केली. ताटाच्या डाव्या बाजूला मीठ, लिंबू, लोणचं, चटणी येते, ते सरळ चांदीवर न वाढता खाली केळीच्या पानाचा तुकडा ठेवला. ओलं मीठ चांदीवर पडून राहिलं की डाग पडतो आणि तो सोड्याने नीट जात नाही. लसणाची चटणी पण तिथेच. जेवण झाल्याबरोबर ताट लगेच धुतलं, भांडीवालीसाठी मोरीत ठेवलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं म्हणजे एखाद्या वाटीच्या बुडाला चाचणी करून मगच पुढे जायचं हे सूनबाईंना आधी कोणी सांगितलं असतं तर ती वाटी वाचली असती. त्यांचा दोष नाही, टूथपेस्टचा सल्ला घरोघरी दिला जातो आणि पहिल्या दिवशी तो खरा वाटतो.

दुसरं, ताटाला एवढ्या फेऱ्या लागल्या त्या घमेलं लहान होतं म्हणून. ताट तिरकं ठेवावं लागलं, अर्धं पाण्याबाहेर. घरात जुनं मोठं जर्मनचं पातेलं असेल तर फॉइलची पण गरज नाही, पातेलंच अॅल्युमिनियमचं, फक्त नंतर ते काळं पडतं आणि स्वयंपाकाला वापरू नये. काकूंच्या माळ्यावर होतं तसं एक, नंतर आठवलं त्यांना.

तिसरं, मूर्तीबद्दल मी अजूनही म्हणेन की एकदा जाणकार सोनाराला नुसती दाखवावी, तळाचं बूच थोडं सैल वाटतंय. उजळायला नाही, फक्त बूच बघायला.

ठेवण्याची पद्धत मात्र लगेच बदलली. वर्तमानपत्र आणि रबरबँड बंद, लोकरी किंवा मखमली पिशव्या पण नकोत. धुतलेली, कांजी नसलेली सुती मलमल, मग झिपची साधी प्लॅस्टिक पिशवी हवा काढून, आत सिलिका जेलची पुडी, आणि कपाट स्वयंपाकघरापासून लांबच्या खोलीत. सोड्याने निघालेली चांदी परत लवकर काळवंडू शकते, म्हणून पिशवीत घालण्याआधी ती पूर्ण कोरडी हवी.

फुलपात्र काकूंनी कपाटात परत ठेवलंच नाही. मुलगी आहे तोवर ती त्यातूनच पाणी पिते, रोज साध्या साबणाने धुतलं जातं, पुसलं जातं, आणि रोजच्या वापरातलं असल्यामुळे त्याच्यावर अजून पिवळी छटा पण आलेली नाही. टाकांना सणाला राख लावणं बंद केलंय, आता फक्त रिठ्याचं पाणी आणि मऊ फडकं.